गासादालुरला मुक्काम करावा की टोर्शाव्हनहून जाऊन यावं? (तीन रात्री, सासूबाई आणि गुडघे)

मुलुंडच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये कोपनहेगनला नणंदेकडे चाललेत, तिथून तीन रात्री फॅरो बेटांवर (उत्तर अटलांटिकमधली, डेन्मार्कच्या राज्यातली बेटं) जायचंय. सोबत नवरा, १४ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्या पूर्ण शाकाहारी आहेत. ताईंना गासादालुर गावातच राहायचंय, एजंट म्हणतो कशाला, राजधानीत टोर्शाव्हनला राहा, गासादालुर म्हणजे एक धबधबा आणि चार घरं, अर्ध्या तासाचं काम. मुलाला तो धबधबा बोटीतून खालून बघायचाय. आणि शेवटी ताईंनी लिहिलंय, "एवढं लांब जाऊन बोअर तर नाही ना होणार?"

मी दादरहून लहान ग्रुप घेऊन नॉर्डिक भागात जातो, फॅरोला बऱ्याचदा जाणं झालंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

एजंट खोटं बोलत नाहीये. गासादालुरला पार्किंगपासून धबधब्याच्या व्ह्यू पॉइंटला चालत काही मिनिटं लागतात, फोटो काढून परत गाडीत बसायला अर्धा तास भरपूर झाला. पण हा हिशोब ढग नसतील, वारा पडलेला असेल आणि बाजूला टूरिस्ट बस उभी नसेल तेव्हाचा. फॅरोत तुम्ही ठरवलेल्या अर्ध्या तासात या तिन्ही गोष्टी जुळून येतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न गाव बघायला किती वेळ लागतो हा नाहीच, हवा उघडेल तेव्हा तुम्ही किती जवळ असाल हा आहे. टोर्शाव्हनहून गासादालुर गाडीने साधारण तासाभराचं अंतर. सकाळी हॉटेलच्या खिडकीतून ऊन बघून निघालात आणि पोचेपर्यंत दरीत ढग उतरले, असं तिथे अगदी रोजचं आहे. उलटही होतं, दिवसभर काही दिसत नाही आणि रात्री नऊला वीस मिनिटं सगळं लख्ख उघडतं. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री अकरानंतर मावळतो आणि पुरता काळोख होतच नाही, त्यामुळे रात्री नऊची ती वीस मिनिटं खरोखर कामाची असतात, पण ती त्यालाच मिळतात जो दहा-पंधरा मिनिटांवर जेवत बसलाय.

तेव्हा माझं उत्तर: तिन्ही रात्री व्हागार बेटावरच काढा. विमानतळ त्याच बेटावर आहे, गासादालुरही त्याच बेटावर. टोर्शाव्हन बघायचंच असेल तर एक दिवस जाऊन या, २००२ पासून समुद्राखालचा बोगदा आहे, पाच किलोमीटरच्या आसपास, टोल लागतो. जुनी लाकडी घरं, बंदर, कॉफी, दोन-तीन तासात छान होतं. पण मुक्काम तिकडे आणि गाव इकडे असं तीन रात्रींच्या ट्रिपला मी कोणालाच सुचवत नाही. आठवडा असता तर वेगळं बोललो असतो.

आता गासादालुर गावातच राहायचं की शेजारी, हे मात्र परिस्थितीवर आहे. गावात राहायच्या जागा मोजक्याच, जूनच्या तर फार आधी भरतात. गावात दुकान नाही. म्हणजे संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या दही हवं होतं, तर गाडी काढून डोंगरातल्या बोगद्यातून जवळच्या सोर्व्हागुर गावाला यायचं. तुम्ही दोघंच असता तर म्हणालो असतो गावातच राहा, दुसरा विचार करू नका. पण चौघं आहात, त्यात शाकाहारी स्वयंपाक करायचाय, तर माझी पसंती सोर्व्हागुर किंवा बोउरमधलं किचन असलेलं घर. सोर्व्हागुर विमानतळाला लागूनच आहे, सुपरमार्केट आहे, आणि तिथून गासादालुर गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. बोउर मधे लागतं, गवताच्या छपरांची काळी घरं आणि समोर समुद्रात टिन्डहोल्मुरचे सुळके, सासूबाईंना खिडकीत खुर्ची टाकून दिलीत तर त्यांचा एक अख्खा दिवस मजेत जाईल, गुडघ्यांना काही त्रास न देता. गावातच जागा मिळाली आणि फार मोह झाला तर एक रात्र तिकडे, दोन इकडे असं करा, पण सामान उचलून हलवाहलव करायला घरात कोण उत्साही आहे तेही बघा.

गाव इतकं लहान का आहे हे जरा सांगतो, कारण मुलाच्या बोटीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गासादालुर समुद्राकाठी असलं तरी समुद्राला लागून नाहीये. कड्यावर आहे. मूलाफोसुर धबधबा गावाच्या पायाशी सुरू होतो आणि सरळ अटलांटिकमध्ये पडतो, त्यावरून कडा किती उभा असेल ते समजा. बोट ओढून ठेवायला जागाच नाही, म्हणून इथले लोक आपल्या बोटी बोउरला ठेवायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी फॅरो ताब्यात घेतलं तेव्हा १९४० साली खालच्या किनाऱ्यापासून गावापर्यंत पायऱ्या बांधल्या. जमिनीवरून यायचं तर डोंगर ओलांडायचा, चारशे मीटरच्या वर चढून पलीकडे उतरायचं, पोस्टमन टपाल घेऊन त्याच वाटेने यायचा. गावात दफनभूमी नव्हती तेव्हा माणूस गेला तर शवपेटीसुद्धा खांद्यावरून याच डोंगरावरून बोउरला न्यायची, वाटेत पेटी टेकवायचा दगड अजून दाखवतात. २००४ साली डोंगरातून बोगदा काढला तेव्हा कुठे गाडी गावात जायला लागली, तोपर्यंत बहुतेक माणसं निघून गेलेली. आज तिथे वीससुद्धा लोक राहत नाहीत.

तर बोटीने गावात उतरणं विसरा, आणि त्या जुन्या पायऱ्या उतरायच्या फंदातही पडू नका, ओली जागा, खाली समुद्र, काय मिळवायचंय? सोर्व्हागुरहून समुद्रातले सुळके आणि कडे दाखवणाऱ्या बोटीच्या ट्रिपा असतात, मुलाला फारच हौस असेल तर ती करा, पण लाट असेल तर रद्द होते, आधीपासून त्याला आशा लावून ठेवू नका.

त्यापेक्षा मुलासाठी दुसरं सुचवतो. तोच पोस्टमनचा रस्ता. बोउरकडून चढायचं, गासादालुरला उतरायचं, मुलगा आणि बाबा चालतील, तुम्ही आणि सासूबाई गाडी घेऊन बोगद्यातून पलीकडे जाऊन थांबायचं. (ताई, गाडी तुम्ही चालवता असं धरतोय, नसाल तर दोघांनी बोउरहून निम्मं चढून परत यावं.) निवांत चालत दोन-तीन तास धरा. वाट दगडांच्या ढिगाऱ्यांनी दाखवलेली आहे, एका ढिगाऱ्यापासून पुढचा दिसत असेल तरच पुढे जायचं. पुढचा दिसेनासा झाला की ढग आला, मागे फिरायचं, तिथे वाद घालायचा नाही. गासादालुरच्या बाजूचा उतार तीव्र आहे, ओल्या गवतावर पाय सटकतो, म्हणून स्पोर्ट्स शूज नको, ग्रिप असलेले वॉटरप्रूफ बूट हवेत. फॅरोत बऱ्याच पायवाटांना आता पैसे घेतात कारण जमीन खासगी मालकीची आहे, तेव्हा आदल्या दिवशी घरमालकाला विचारा. सोर्व्हाग्सवात्न तळ्याची जी फेमस वाट आहे, समुद्राच्या वर तळं टांगल्यासारखं दिसतं ती, तिलाही पैसे पडतात. तळं खरं तर समुद्रापासून तीसेक मीटरच वर आहे, बाकी सगळी कॅमेऱ्याच्या कोनाची करामत, पण मुलाला आवडेल, आणि ती वाट चढायलाही सोपी आहे.

मिकिनेस बेटाचा मोह होणार तुम्हाला, पफिन पक्षी तिथेच दिसतात असं सगळे सांगतील. तीन रात्रींत करू नका. फेरी उन्हाळ्यातच असते आणि समुद्र खवळला की रद्द, क्वचित जायला मिळतं आणि परत यायला मिळत नाही. धक्क्यावर उतरलं की गावात जायला उभ्या पायऱ्या आहेत, सासूबाईंना ते झेपणार नाही आणि त्यांना एकटं मागे ठेवून अख्खा दिवस जाण्यात काय मजा.

सासूबाईंचं म्हणाल तर गासादालुरचा व्ह्यू पॉइंट त्यांना जमेल, चढ फारसा नाही, खडीची वाट आहे. त्रास गुडघ्यांपेक्षा वाऱ्याचा होतो. आपल्याकडे जुलैतल्या पावसात मरीन ड्राइव्हला वारा लागतो तो आपण मोठा समजतो, इथे कधीकधी धबधब्याचं पाणी खाली न पडता उलटं वर उडताना दिसतं. अशा वेळी गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची. दार उघडताना एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने दाराची वरची कड धरायची, आणि एका वेळी एकच दार. समोरासमोरची दोन दारं एकदम उघडली की आतून वारा घुसतो, नकाशा, टोपी, बिस्किटाचा पुडा सगळं अटलांटिकला अर्पण. दार वाऱ्याने उलटं मुडपलं तर तो खर्च बऱ्याचदा इन्शुरन्समध्ये बसत नाही, गाडी घेताना काउंटरवर स्पष्ट विचारा. सासूबाईंना आडोशाच्या बाजूने उतरवा, हाताला धरा, आणि वारा जास्त असेल तर गाडीतूनच कड्यांचा आणि समुद्राचा देखावा बघू देत, संध्याकाळी परत येता येईल. परत येता येतं, म्हणून तर जवळ राहायचं.

गाडीबद्दल बोलतोच आहे तर, उन्हाळ्यात भाड्याच्या गाड्या संपतात, विमानाचं तिकीट झालं की लगेच गाडी बुक करा. उजव्या बाजूने चालवायचं आहे, लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट काढून घ्या. गासादालुरचा बोगदा एकाच गाडीच्या रुंदीचा, मधे मधे बाजूला थांबायच्या जागा आहेत. समोरून दिवे दिसले आणि ती जागा तुमच्या बाजूला असली की तुम्ही आत घुसून थांबायचं, गाव समोरच्याचं आहे, त्याला जाऊ द्या. समोरचा दिवा लांब वाटतो आणि पटकन जवळ येतो, पहिल्यांदा जाताना घाई करू नका. रस्त्यात मेंढ्या असतात, देशात माणसं पन्नास-पंचावन्न हजार आणि मेंढ्या सत्तर हजारांच्या आसपास. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की थांबायचंच, कोकरू आईकडे पळणार म्हणजे पळणार. धडक बसली तर पोलिसांना कळवावं लागतं.

खाण्याचं बघू. हॉटेलवर अवलंबून राहू नका, शाकाहारी म्हणून बटाटा आणि सॅलड मिळेल. किचनचं घर घ्या म्हटलं ते यासाठीच. पण मुंबईहून काय न्यायचं यात लोक गडबड करतात. तुम्ही कोपनहेगनमार्गे जाणार, म्हणजे युरोपियन युनियनचे नियम लागणार: बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे, दुधाची पावडर, सगळं त्यात आलं. ताजी फळं-भाज्यासुद्धा सर्टिफिकेटशिवाय नाही, केळी, नारळ, अननस, खजूर अशी थोडीच सुटतात. कढीपत्ता बॅगेत लपवून नेणारे खूप बघितलेत, कशाला तो ताप. डाळ, तांदूळ, भाजणी, मेतकूट, उपम्याचा भाजलेला रवा, मसाले, लोणचं डबल पिशवीत, एवढं पुरतं. दूध, दही, चीज तिथे उत्तम मिळतं, आणि लोणी विकत घेऊन सासूबाईंना कढवायला सांगा, ताजं तूप तयार. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

आणखी एक, शाकाहारी माणसाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिकडे घरांच्या बाजूला लाकडी खोपट्या दिसतील, फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या. त्यांना यात्लुर म्हणतात, आत मेंढीचं मांस टांगून खाऱ्या वाऱ्यावर महिनोन् महिने सुकवतात, मीठ न लावता. वर्सोव्याला वलांडीवर बोंबील सुकवतात तसंच समजा, फक्त ऊन नाही म्हणून सगळं काम वारा करतो. वास येतो, आणि आपल्याला तो उग्र वाटतो. नाकाला पदर लावून "शी" करू नका, घरातला माणूस तिथेच उभा असतो. मुलाला सांगाल तर त्याला इंटरेस्टिंग वाटेल, झाडं नसलेल्या, जेमतेम उन्हाळा असलेल्या बेटावर हिवाळा काढायचा तर दुसरं करणार काय.

यावरूनच पुढचं. मी ग्रुपला बोगद्याच्या अलीकडे गाडी थांबवून हे सांगतो, तुम्हालाही सांगतो. गासादालुरमध्ये तुम्ही ज्याचा फोटो काढताय ते कोणाच्या तरी बेडरूमचं छप्पर आहे. खिडकीजवळ जाऊन आत बघायचं नाही, फाटक उघडलंत तर लावून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दगडी गडग्याच्या आतलं गवत तुडवू नका. आपल्याला ती हिरवळ वाटते, लोळून फोटो काढावेसे वाटतात, पण ते कापून वाळवून मेंढ्यांना हिवाळ्यात घालायचं असतं, तुडवलेलं गवत कापता येत नाही. गावातल्या लोकांची टूरिस्टांवरची मुख्य तक्रार याचीच. पायवाटा खराब व्हायला लागल्या म्हणून २०१९ पासून वसंतात काही जागा एका वीकेंडला चक्क बंद ठेवून बाहेरून स्वयंसेवक बोलावून दुरुस्ती करतात, यावरून बघा. ड्रोन असेल तर घरीच ठेवा, विमानतळ जवळ आहे, जमिनी खासगी, परवानग्यांचा घोळ आहे. पार्किंगपाशी जिथे वाट सांगितली आहे तिथूनच जा, तिथूनच धबधबा सगळ्यात छान दिसतो.

सकाळी अकरा ते दुपारी चार गाड्यांची वर्दळ असते. त्या वेळात तळं करा, टोर्शाव्हन करा, घरी खिचडी खाऊन झोपा. गावात सकाळी सातला नाहीतर रात्री आठनंतर जा. हवेचा अंदाज तासातासाला बदलतो, मी त्यापेक्षा रस्त्यांवरचे लाइव्ह कॅमेरे बघतो, तिथल्या रस्ते खात्याच्या साइटवर आहेत, चहा पिता पिता कळतं कुठल्या बेटावर ऊन आहे.

कपडे: जूनमध्ये दहा-अकरा डिग्री धरा, पाऊस कधीही. छत्री नेऊ नका, पहिल्या मिनिटाला उलटी होईल. आपला पावसाळ्यातला पातळ रेनकोट वाऱ्यात फडफडून फाटतो, चांगलं विंडप्रूफ-वॉटरप्रूफ जॅकेट आणि वरून घालायची रेनपँट, आत लोकरीचं काहीतरी. जीन्स ओली झाली की वाळत नाही, सासूबाई साडी नेसत असतील तर आत थर्मल आणि बाहेर पडताना सलवार बरी, वाऱ्यात साडी सांभाळत चालणं कठीण जाईल. युरोपचं सिम घेणार असाल तर त्यात फॅरो चालतं का बघून घ्या, बरीच पॅकेजं तिथे चालत नाहीत कारण फॅरो डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी युरोपियन युनियनमध्ये नाही.

बोअर होईल का? मुलाला वायफाय लागेल, ते तिथे उत्तम आहे. तुमचं मला माहीत नाही. ज्यांना दिवसाला पाच पॉइंट झाले नाहीत तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात त्यांनी इथे येऊच नये, स्वित्झर्लंडला जावं, तिथे व्यवस्था जास्त चोख आहे. तुम्ही स्वतःहून गासादालुरचं नाव काढलंत म्हणजे तुम्ही त्यातल्या नसाव्यात.

ट्रिपची मांडणी अशी करा की फॅरो मधे येईल, शेवटी नको. व्हागारच्या विमानतळाला डोंगरांनी घेरलंय, धुकं आलं की विमानं लेट होतात, कधी उतरताच येत नाही म्हणून परत फिरतात. नणंदेकडे आधी दोन-तीन दिवस, मग फॅरो, मग परत नणंदेकडे निदान दोन रात्री आणि मग मुंबईचं विमान. त्याच दिवशीची जोडणी, तीही वेगळ्या तिकिटावर, अजिबात नको. चौथी रात्र वाढवता आली तर जरूर वाढवा, घर व्हागारलाच ठेवा.

आणि हे तुम्ही विचारलं नाहीत पण आधी हेच करायचंय: व्हिसा. डेन्मार्कचा शेंगेन व्हिसा फॅरोला आपोआप चालत नाही. अर्ज करतानाच फॅरोलाही जाणार असं लिहायचं, तिथलं विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग जोडायचं, आणि व्हिसावर फॅरोसाठी वैध असल्याची नोंद मागायची. एंट्री मल्टिपल मागा. नणंदेच्या निमंत्रणपत्रात फक्त कोपनहेगनचा उल्लेख असेल तर त्यातही फॅरोची एक ओळ घालायला सांगा. एजंटला हे माहीत असेलच असं धरू नका, पासपोर्ट हातात आला की काउंटर सोडायच्या आधी स्टिकर स्वतः वाचा. आणि तारखा नक्की झाल्या की इथे टाका, त्या आठवड्यात रविवार कुठे येतोय ते बघून कुठला दिवस कशाला ठेवायचा ते सांगतो.